बडोद्यात मालिशच्या कामात नव्यानं उतरतोयस तर

तेल हातावर घेण्याआधी विचारायला शीक. मधुमेह आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, ताप आहे का. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर हात लावूच नकोस. आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. गिऱ्हाईक रागावलं तरी डॉक्टरकडेच पाठव. मधुमेही आजोबांच्या पायांना गरम तेल लावताना आधी स्वतःच्या मनगटावर बघ, कारण त्यांच्या तळव्यांना चटका कळेलच असं नाही.

अंगठ्यांवर सगळा जोर काढू नकोस. कोपर, हाताचा पुढचा भाग वापर आणि भार कमरेतून येऊ दे.

बडोद्यात व्यायामशाळांची परंपरा मोठी. इथली जुनी तालीम जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि ती नावारूपाला आणणारे प्रा. माणिकराव माहीत नसतील तर आधी ते जाणून घे. नवरात्रात गरब्यानं पोटऱ्या भरून आलेली मुलं येतील, त्यांना वेळ दे. शहरातल्या दांडिया बाजार भागातल्या ज्येष्ठांसाठी महिन्यातून एक सकाळ मोफत ठेव, मनापासून. एकट्या राहणाऱ्या आजींना तो स्पर्शच हवा असतो. बाकी दिवसांचे दर मात्र पाटीवर स्पष्ट लिही.