वाचकांचे प्रश्न : क्रिप्टो नाणे, त्याची पेटी आणि मागची सील

संग्राह्य क्रिप्टो नाण्यांविषयी, म्हणजे बिटकॉइन या डिजिटल चलनाशी जोडलेल्या धातूच्या नाण्यांविषयी, आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : परदेशातील एका विक्रेत्याकडून मी बिटकॉइन भरलेले पितळी नाणे मागविले. मखमली अस्तराची पेटी खरोखर देखणी आहे. परंतु नाणे आत मोकळेच ठेवलेले असल्यामुळे प्रवासात त्याच्या कडेवर ओरखडे आले आहेत आणि मागच्या होलोग्रामचा (चकाकत्या स्टिकरच्या सीलचा) एक कोपरा किंचित उचललेला दिसतो. विक्रेत्याने अभिप्राय मागितला आहे. केवळ वेष्टनावरून नावे ठेवणे कोतेपणाचे होईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच होणार नाही. या प्रकारच्या नाण्याचे मूल्य पितळेत नसते, तर होलोग्रामखाली दडवलेल्या प्रायव्हेट कीमध्ये, म्हणजे बिटकॉइन खर्च करू देणाऱ्या गुप्त संकेतात असते, आणि ती की ज्याने वाचली त्याला नाण्याला हातही न लावता त्यातील बिटकॉइन दुसरीकडे वळवता येतात. होलोग्राम ही सजावट नसून लाखेच्या मोहोरेसारखी ग्वाही आहे, म्हणून तिला धक्का लागू न देणे ही विक्रेत्याची पहिली जबाबदारी ठरते.

या छंदाचा पाया ज्यांनी घातला त्या माइक कॉल्डवेल यांच्या कॅसॅशियस नाण्यांकडे पाहिले की हे स्पष्ट होते. अमेरिकेतील यूटा राज्यातून त्यांनी 2011 पासून ही नाणी विकली. होलोग्राम सोलला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी मागे उरते, त्यामुळे छेडछाड डोळ्यांना दिसते. होलोग्राममधील छोट्या खिडकीतून बिटकॉइनच्या पत्त्याची (खाते क्रमांकासारख्या ओळखीची) पहिली 8 अक्षरे वाचता येतात आणि त्यावरून नाण्यातील शिल्लक सार्वजनिक नोंदवहीत, म्हणजे ब्लॉकचेनवर, कोणालाही तपासता येते. पहिल्या मालिकेच्या होलोग्रामवर कॅसॅशियस या नावाचेच स्पेलिंग चुकले होते. पण संग्राहकांचे शास्त्र न्यारे, ती चूक आज अधिक किमतीची मानली जाते. मात्र अशी सीलही अभेद्य नसते. लास व्हेगासच्या डेफ कॉन या हॅकर परिषदेत 2013 मध्ये रासायनिक द्रावक वापरून हा होलोग्राम उचलता येतो, हे दाखवून दिले गेले. उचललेल्या कोपऱ्याकडे दुर्लक्ष करू नये, असे म्हणण्याचे कारण हेच.

अभिप्राय लिहिण्यापूर्वी तो कोपरा बोटाने दाबून चिकटवण्याचा मोह टाळा, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा आणि पत्त्यावरील शिल्लक पाहा. शिल्लक जागेवर असली, तरी की कोणी वाचलेली नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण वाचणारा आज गप्प बसून उद्याही रक्कम काढू शकतो. रक्कम मोठी असेल तर सील सोलून बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवणे सुरक्षित आहे. परंतु सोललेल्या नाण्याचे संग्राहकी मोल बरेच उतरते, त्यामुळे हा निर्णय नाण्यात किती भरले आहे आणि ते आपण कशासाठी घेतले आहे, हे पाहूनच घ्यावा. विक्रेत्याला आधी खासगीत कळवावे आणि बदली नाणे किंवा परतावा मागावा. जाहीर अभिप्राय त्याच्या उत्तरानंतर लिहावा.

अभिप्रायात ‘पॅकिंग खराब’ एवढेच लिहिले तर विक्रेता आणखी मऊ मखमल लावील आणि नाणे पुन्हा मोकळेच राहील. त्याऐवजी असे लिहा : ‘पेटी उत्तम आहे, पण नाण्याला मापाची कॅप्सूल नव्हती, ते आत हलल्याने कडेवर ओरखडे आले आणि होलोग्रामचा कोपरा उचलला गेला. कॅप्सूल घालून, भोवती फोमचा साचा देऊन आणि पाठवण्यापूर्वी होलोग्रामचे छायाचित्र ग्राहकाला धाडून हे टाळता येईल.’ पेटीचे कौतुक अवश्य करा, कारण ते खरे आहे; मात्र गुण देताना सीलचा विचार आधी आणि मखमलीचा नंतर करावा.

प्रश्न : ऑनलाइन दुकानातून काही शे रुपयांत सोनेरी बिटकॉइन नाणे घेतले. पारदर्शक डबी आणि सोबतचे ‘प्रमाणपत्र’ पाहून घरचे सगळे खूश आहेत. यात बिटकॉइन किती असेल?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : काहीही नसेल. ही सोनेरी मुलामा दिलेली शोभेची पदके असतात. टेबलावर ठेवण्यास ती छान दिसतात आणि त्यात गैर काही नाही. पण डबीच्या दर्शनी बाजूला ‘यात डिजिटल चलन नाही’ असे ठळक छापा, ही सूचना आपल्या अभिप्रायात जरूर करा. ज्या प्रमाणपत्रात धातू, वजन आणि निर्माता यांपैकी काहीच सांगितलेले नाही, त्याला आम्ही सजावटीचा कागद म्हणू.

प्रश्न : नाण्याची पेटी उघडतानाची छायाचित्रे अभिप्रायासोबत टाकावीत का? आणि नंतर नाणे त्याच पेटीत ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पेटीची, कॅप्सूलची आणि न सोललेल्या नाण्याची छायाचित्रे टाकण्यास हरकत नाही, उलट पुढच्या ग्राहकाला त्यांचा उपयोगच होतो. सोललेल्या सीलखालील मजकूर किंवा प्रायव्हेट कीचा क्यूआर कोड मात्र क्षणभरही कॅमेऱ्यासमोर येऊ देऊ नये. डिसेंबर 2013 मध्ये ब्लूमबर्ग वाहिनीवर निवेदक मॅट मिलर यांनी सहकाऱ्यांना बिटकॉइनची भेटपत्रे दिली. त्यातील एकाचा कोड पडद्यावर दिसताच एका प्रेक्षकाने तो फोनने टिपून त्यातील रक्कम काढून घेतली. तिथे ती 20 डॉलरच्या आसपास होती, म्हणून प्रकरण हसण्यावारी गेले.

साठवणीबाबत सांगायचे, तर पेटी मांडण्यासाठी वापरा आणि नाणे अॅक्रिलिकच्या घट्ट कॅप्सूलमध्ये ठेवा. मऊ पीव्हीसीची पाकिटे स्वस्त मिळतात, पण त्यातील प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारा पदार्थ) कालांतराने पाझरून धातूवर हिरवट चिकट थर धरतो. चांदीचे नाणे असल्यास गंधकाचा अंश असलेला पुठ्ठा आणि कापड दूर ठेवा, नाहीतर ते काळवंडते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने डबीत सिलिका जेलची पुडी ठेवणे बरे. ती नाण्याला टेकणार नाही, एवढे पाहावे. होलोग्राम असलेले नाणे कोणत्याही पॉलिशने किंवा द्रवाने पुसू नका. विक्रेत्याने पेटीसोबत चकचकीत कापड आणि पॉलिशची बाटली दिली असेल, तर ती देऊ नये, हेही अभिप्रायात नोंदवा.