बॅकअप घेण्याआधी रिस्टोअरचा (डेटा परत मिळवण्याचा) विचार

आयटीची जबाबदारी तुमच्याकडे नव्यानेच आली आहे, म्हणून सांगतो की बॅकअप सॉफ्टवेअरचे दर मागवण्यापूर्वी मालकांना दोन गोष्टी विचाराव्यात: किती तासांचा डेटा गेला तर चालेल आणि काम किती वेळ बंद राहिलेले परवडेल. भोसरीतील एका कारखान्यात मी हे विचारले नव्हते. रोज रात्री ११ वाजता बॅकअप झाल्याची हिरवी खूण दिसत असे, पण सर्व्हर बसला तेव्हा हिशेबाची फाइल उघडेना, कारण ती वापरात असतानाच नुसती कॉपी होत होती. म्हणून एसक्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसचा सुसंगत स्नॅपशॉट (एकाच क्षणाची, अर्धवट नोंदी नसलेली प्रत) घेणारेच सॉफ्टवेअर निवडावे.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि एक जागेबाहेर, हा नियम पाळावा. त्याच इमारतीतले कपाट म्हणजे बाहेर नव्हे. रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर, बॅकअपही एन्क्रिप्ट करते, त्यामुळे ठरावीक मुदतीत पुसता किंवा बदलता न येणारी एक प्रत हवीच. लहान सुरुवातीसाठी वीम (Veeam) या बॅकअप सॉफ्टवेअरची मोफत कम्युनिटी आवृत्ती १० वर्कलोडपर्यंत (व्हर्च्युअल मशीन, सर्व्हर यांसारख्या बॅकअप घ्यायच्या गोष्टी) चालते. खरेदीपूर्वी मात्र एक संपूर्ण व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक) दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून, घड्याळ लावून पाहावे.