ठरलं ते लिही, आणि का ठरलं तेही

पोरी,

परवा तू आमच्या पडवीत बसून साडेसहाची मीटिंग घेतलीस, ती आठला संपली. काल सकाळी तू मला तीन मेसेज दाखवलेस. तुझ्या टीममधला पोलंडच्या क्राकोवचा मुलगा एक समजला होता, टोरांटोची बाई दुसरंच, आणि तुझ्या मनात तिसरंच होतं. वर तू विचारलंस, "काका, यापेक्षा चांगलं टूल कुठलं?" तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण चिडून बोललो असतो. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

टूल बदलू नकोस. ठरलं ते लिही, आणि का ठरलं तेही लिही.

एअरबसच्या ए-३८० विमानाचं उदाहरण घे. एका विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त वायर. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे अभियंते कॅटिया या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर काम करत होते, फ्रान्समधल्या तुलूझचे नव्या. त्या काळी याहून भारी सॉफ्टवेअर शोधून मिळालं नसतं. तरी तयार वायरिंग विमानात बसवायला घेतलं तेव्हा ते पुरेना. २००६ साली सगळं उघड झालं आणि विमानं सुमारे दोन वर्षं रखडली. तुझ्या टीमकडे चॅट आहे, बोर्ड आहे, व्हिडिओ आहे, सामाईक डॉक्युमेंट आहे. परवा यातलं काय कमी पडलं, सांग बरं?

आता माझं सांगतो. हे मी घरीसुद्धा फारसं बोललेलो नाही. २०११ साली एका अमेरिकी ग्राहकाचं बिलिंगचं काम माझ्याकडे होतं. बिलावरचा कर प्रत्येक ओळीला राउंड करायचा की शेवटी बेरजेवर एकदाच, एवढाच प्रश्न. पुण्यात रात्री अकरा वाजता फोनवर ठरलं, बेरजेवर. त्या वेळी मनिलात दीड वाजला होता, आणि जो मुलगा तो भाग लिहीत होता तो झोपला होता. सकाळी सांगू म्हणून मी फोन ठेवला आणि सकाळी दुसरंच काहीतरी पेटलं. सहा आठवडे तो जुन्याच पद्धतीनं लिहीत राहिला. सिस्टीम सुरू झाली तेव्हा हजारो बिलांत एक-दोन सेंटचा फरक येऊ लागला. चौकशी झाली. ठरल्याचा कागद कुठेच नव्हता, म्हणून दोष त्याच्यावर गेला. मला माहीत होतं चूक कुणाची. मी गप्प बसलो. त्याला प्रोजेक्टवरून काढलं. पुढे मी त्याला दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, आणि यायला हवं होतं असं मी म्हणूही शकत नाही.

म्हणून मी हट्टी झालो. मीटिंग संपायच्या आधी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, अर्धं पान: काय ठरलं, का ठरलं, कुठला पर्याय सोडला आणि तो का सोडला, निर्णय कुणाचा, आणि काय घडलं तर तो पुन्हा उघडायचा. सोडलेल्या पर्यायाचं कारण सर्वांत महत्त्वाचं, कारण चार महिन्यांनी नवा माणूस येतो आणि तोच पर्याय नव्यानं शोधून काढतो.

लोक वैतागले. एक फार चांगली प्रोग्रामर "तुम्ही मला कारकून करून टाकलंत" असं म्हणून टीम सोडून गेली. ते मला लागलं. तरी मी चुकलो असं मला आजही वाटत नाही, आणि का ते ऐक. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लॉकडाउनमुळे मी इथे दापोलीतच होतो. आमच्या वाडीतल्या चाळीस पोफळी आडव्या झाल्या, पडवीची कौलं उडाली, वीज गेली ती कित्येक आठवडे, मोबाइलला रेंज नाही. नऊ दिवस मी जगाला सापडत नव्हतो. दहाव्या दिवशी खेडला जाऊन लॅपटॉप उघडला, तर चार देशांतली टीम नीट चालली होती. कुणी "साहेब काय म्हणाले होते" असं विचारत बसलं नव्हतं. पानं होती, त्यांनी ती वाचली. इन्व्हर्टर, दोन कंपन्यांची सिम ही आगोटची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी तू केली आहेस. पण तू नसताना काम कशावर चालेल?

तुझा दुसरा प्रश्न होता की गोषवारा आता एआय काढतं, मग मी कशाला लिहू. परवाचा तुझा गोषवारा मी वाचला. भाषा छान होती. पण त्यात "क्राकोवची सहमती" असं लिहिलंय. तो मुलगा अर्धा मिनिट गप्प राहून "ओके" म्हणाला होता, मी पडवीत ऐकलं. ती सहमती होती? मशीन बोललेलं लिहितं. ठरलं की नाही, हे तुलाच माहीत. रेल्वेत फाटक बंद केल्यावर गेटमन फोनवर स्टेशन मास्तरला प्रायव्हेट नंबर, म्हणजे खात्रीसाठीचा गुप्त आकडा, देतो आणि तो रजिस्टरमध्ये लिहिला जातो. "हो, हो, केलं बंद" एवढ्यावर गाडी सोडत नाहीत. एआयचा कच्चा मसुदा जरूर घे, पण त्याखाली नाव तुझं हवं. आणि यापुढे तुझ्या टीममध्ये एआय एजंटही, म्हणजे आपणहून काम उरकणारे प्रोग्राम, काम करतील. चहाच्या टपरीवर झालेलं बोलणं त्यांना कुठून कळणार? त्यांच्यापुढे जे लिहिलेलं असेल, त्यावरच ते चालणार. अर्धवट लिहिलंस तर तू झोपलेली असताना रात्रभर चुकीचं काम करून ठेवतील, तेही झपाट्यानं.

वेळेचं थोडक्यात: मार्चच्या दुसऱ्या रविवारी टोरांटोचं घड्याळ तासभर पुढे जातं, पोलंडचं मात्र शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत मीटिंगची वेळ तिघांनाही त्यांच्या त्यांच्या घड्याळात लिहून कळव. आणि दर वेळी तूच रात्री जागू नकोस. गैरसोय आळीपाळीनं वाटून घ्या. हे तू त्यांना सांगत नाहीस, याचा मला राग येतो.

रविवारी ये. काकू घावनं करणार आहे. त्याआधी क्राकोवच्या मुलाला एकट्याला फोन कर, त्या "ओके"चा अर्थ विचार, आणि मग परवाचं पान लिहून घेऊन ये. अर्ध्या पानाच्या वर नको.

तुझा,
काका