पावसाळ्यात मुकं होणारं मशीन
(श्रवणयंत्राविषयी वाचकांचे प्रश्न)

आईचं कानामागचं मशीन जुलैपासून दुपारी बंद पडतं. रात्री काढून ठेवलं की सकाळी पुन्हा नीट चालतं. पूर्वी दोन आठवडे पुरणारा सेल आता आठवड्यात संपतो. दुकानदार नवं मशीन घ्यायला सांगतो. घ्यावं का?
– फोंड्याहून एक वाचक

इतक्यात नको. सकाळी चालतं म्हणजे मशीन मेलेलं नाही, रात्रभरात काहीतरी वाळतंय. जून ते सप्टेंबर माझ्याकडे येणाऱ्या ‘बिघडलेल्या’ मशीनांत ही तक्रार सर्वांत जास्त. कानातली गरम, दमट हवा साच्यातून (कानात बसतो तो मापाचा तुकडा) मशीनकडे जाणाऱ्या नळीत येते, तिथे थंडावते आणि थेंब धरतात. तेवढा एक थेंब आवाज अडवायला पुरतो.

नळी उजेडापुढे धरा. आत थेंब दिसले तर साचा नळीसकट मशीनपासून ओढून वेगळा करा आणि छोट्या रबरी पंपाने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, फुंकरीत ओलावाच असतो. साचा कोमट साबणपाण्यात धुतला तरी चालतो, मशीनला मात्र पाणी लावायचं नाही. नळी पिवळी, कडक झाली असेल तर ती बदलून घ्या. मशीनच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे.

दोष नळीत की मशीनमध्ये, हे घरीच कळतं. मशीन चालू करून, आवाज वाढवून मुठीत बंद करा. नुसतं मशीन शिट्टी मारतं आणि साचा जोडल्यावर गप्प बसतं, तर अडथळा नळीत किंवा साच्यात आहे. (काही नवी डिजिटल मशीनं शिट्टी स्वतःच दाबतात, त्यांना ही परीक्षा लागू नाही.)

सेलचंही कारण हवेतच आहे. हे जस्ताचे सेल हवेवर चालतात, म्हणून त्यांना बारीक भोकं असतात आणि वर चिकटपट्टी. पट्टी काढली की सेलचं आयुष्य सुरू झालं, ती परत चिकटवून फारसा उपयोग नाही. पट्टी काढल्यावर पाचेक मिनिटं थांबून मगच सेल आत घाला. आपल्या दमट हवेत त्याच भोकांतून ओलावाही शिरतो, सेल फुगतो आणि लवकर बसतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. आणि घरात लहान मूल असेल तर जुना सेल टीपॉयवर टाकू नका. गिळला तर तसंच इस्पितळ गाठायचं.

रात्री सेल काढून, मशीन सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. दाणे रंग बदलतात (निळे गुलाबी होतात, नारिंगी हिरवे) तेव्हा ते भिजलेत असं समजा आणि बदला. तांदळाच्या डब्यात मशीन पुरून ठेवणारेही भेटतात. त्याने मशीन सुकण्याऐवजी माईकच्या भोकात कोंडा भरतो. ऊन आणि हेअर ड्रायर, दोन्ही वर्ज्य.

मी भजनाला पेटीची साथ करतो. नवी डिजिटल मशीनं घातल्यापासून पंचम धरून ठेवला की सूर थरथरतो, मागे दुसराच सूर ऐकू येतो. पेटी दोनदा ट्यून करून घेतली. चवथीच्या आरतीत तर घुमट (मातीचं चर्मवाद्य) नि कासाळं (मोठ्या झांजा) नुसती फाटतात.
– डिचोलीहून एक वाचक

पेटीवाल्याला आता त्रास देऊ नका, तुमची पेटी सुरात आहे. मशीनमध्ये शिट्टी दाबणारी एक सोय असते. लांबलेला, न हलणारा सूर दिसला की तिला ती शिट्टी वाटते. मग ती त्याच्यावर उलटी लहर सोडते किंवा सूर किंचित सरकवते. पेटी, बासरी, तंबोरा यांचा तर धंदाच सूर लांबवण्याचा, त्यामुळे हे बिचारे पकडले जातात. तुम्हांला ऐकू येतो तो दुसरा सूर मशीनचा आहे.

आरतीचं दुखणं वेगळं. ही यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी घडवली आहेत. साधं बोलणं साठ-पासष्ट डेसिबलचं, तर शेजारी वाजणारी कासाळं शंभराच्याही वर जातात. एवढा आवाज काही मशीनांच्या तोंडाशीच चेंगरतो. आवाज कमी-जास्त करायचं बटण त्याच्या पुढच्या टप्प्यावर आहे, म्हणून ते कमी केलं तरी फाटलेला आवाज फक्त हळू फाटलेला ऐकू येतो. त्यावर एक गावठी वाटणारा पण खरा इलाज आहे: तेवढ्या वेळापुरता माईकच्या भोकांवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. आरती झाली की काढा. आणि कासाळांच्या शेजारी बसू नका.

कायमचा उपाय म्हणजे ‘म्युझिक प्रोग्रॅम’. त्यात शिट्टी दाबणं बंद किंवा अगदी कमी, गोंगाट कमी करणं बंद, आणि माईक चहूबाजूंचं ऐकणारा ठेवतात. बऱ्याच डिजिटल मशीनांत तो घालता येतो, पण मागितल्याशिवाय सहसा कोणी घालून देत नाही. जाताना पेटी घेऊन जा. खरंच सांगते. क्लिनिकमध्ये बसून वाजवा आणि सूर स्थिर होईपर्यंत उठू नका. मात्र साचा कानात घट्ट बसायला हवा, नाहीतर या प्रोग्रॅममध्ये खरीखुरी शिट्टी सुरू होईल.

नात गळ्यात पडली की मशीन शिट्टी मारतं.
– पणजीहून एक आजी

मारू दे. कानाजवळ काही आलं की बाहेर निसटलेला आवाज उलटून माईकमध्ये शिरतो, एवढंच. घास चावताना किंवा कोणी जवळ नसतानाही शिट्टी येत असेल, तर साचा सैल झालाय किंवा कानात मळ आहे. मळ डॉक्टरांकडून काढून घ्या. काडी घातलीत तर तो आणखी आत जाईल. आणि आजी, दोन मशीनं असतील तर अदलाबदल झाली नाही ना, तेही बघा. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची.

सेल नवा, नळी साफ, तरी उजव्या कानाचं मशीन एका रात्रीत बंद झालं. दुकानात तपासलं तर म्हणतात, मशीन उत्तम आहे. आता काय करू?
– वास्कोहून एक वाचक

हे पत्र छापून येईपर्यंत थांबले नाही, फोन केला. पण हे इतरांनीही वाचावं म्हणून इथे देते. मशीन उत्तम असेल तर बिघाड कानात आहे. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणारी, कानाची डॉक्टर नव्हे. अशा वेळी माझ्याकडे नव्हे, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) तो विभाग आहे. मळाचा बोळा निघाला तर काम तिथेच संपलं. कान स्वच्छ असेल तर नस एकाएकी बसलेली असू शकते. तिचं औषध पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितकं लवकर, तितकं लागू पडण्याची शक्यता जास्त. मशीन घरी ठेवू नका, जुन्या श्रवणचाचणीच्या कागदासकट बरोबर न्या. आधी किती ऐकू येत होतं, ते डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.