हवेशीर फ्लॅटसाठी 6 टक्के जास्त मोजावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकाच संकुलात सारख्याच क्षेत्रफळाचे दोन फ्लॅट. ‘अ’ इमारतीतला उत्तर-दक्षिण, समोर मोकळी बाग. ‘ब’मधला पश्चिमेकडे तोंड करून, समोर डांबरी पार्किंग. ‘अ’ 6 टक्क्यांनी महाग, आणि बिल्डरचं म्हणणं की वीजबिलातच हा फरक वसूल होईल.

होणार नाही. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्जा ते अडवत नाही. भिंत तापते आणि संध्याकाळनंतरही आत उष्णता सोडत राहते, नेमके तुम्ही घरी असता तेव्हा. समजा, त्यामुळे दोन खोल्यांतले एसी रोज दोन-दोन तास जास्त चालले. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट घेतो. उन्हाळ्याचे 120 दिवस धरले तर वर्षाला 720 युनिट. तुम्ही कळवलेल्या दराने गुणून पाहिलं: जादा रकमेवर गृहकर्जाचं जेवढं व्याज पहिल्या वर्षी भराल, त्याचा हा जेमतेम सहावा हिस्सा. (अंधाऱ्या खोलीत दिवसा लावावे लागणारे एलईडी दिवे हिशोबात धरू नका, ती किरकोळ बाब आहे.) पार्किंगचे दिवे, पंप, लिफ्ट यांची वीज मेंटेनन्समधून जाते, ती दोन्हीकडे सारखीच.

मग ‘ब’च घ्यायचा? तुम्ही पाठवलेल्या नकाशात एक गोष्ट खटकते. ‘ब’मधल्या एसींची बाहेरची युनिटं दोन विंगांमधल्या अरुंद डक्टमध्ये दाखवली आहेत. सगळ्या मजल्यांची गरम हवा तिथे कोंडून वर चढणार, आणि तुमचा फ्लॅट वरून तिसरा. आधीच तापलेल्या हवेत उष्णता फेकायला कॉम्प्रेसरला जास्त वीज लागते, म्हणजे माझा 720चा आकडा कमीच पडेल. ऊन खिडकीबाहेर पडदा लावून बरंचसं अडवता येतं. डक्ट मात्र पुढे कोणीही रुंद करून देणार नाही.

म्हणून बिल्डरकडे एकच मागा: युनिटं बाल्कनीबाहेर बसवायची लेखी परवानगी. ती मिळाली तर ‘ब’ घ्या आणि वाचलेल्या पैशांतून बाहेरचे पडदे पहिल्याच वर्षी लावा. नाही मिळाली तर ‘अ’साठी घासाघीस करा. विजेपोटी त्याला 1 टक्का जास्त देणं मला पटतं. त्यावरची रक्कम बागेची आणि गारव्याची. ती झेपत असेल तर खुशाल द्या, फक्त कर्जाचा हप्ता ठरवताना वीजबचत उत्पन्नात धरू नका.