कोल्हापूरकडच्या लोकांचे इंग्लिश उच्चार वेगळे का होतात? ते बदलावेत का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही गडहिंग्लजकडचे, शाळा मराठी मीडियमची, आता पुण्यात जॉबला लागलाय, आणि परवा मीटिंगमध्ये 'पोष्ट' म्हणालात म्हणून टीममधले दोघंतिघं हसले, तेव्हापासून तोंड उघडायचं म्हटलं तरी धाकधूक होते. वाचून वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, २२ वर्षं काढलीत, आधी मोल्डिंगला होतो, आता बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझ्याकडं आहे, त्यामुळं हा विषय माझ्या रोजच्या जेवणासारखा आहे.

आधी तुमचा 'पोष्ट' घेऊ. ट म्हणताना आपली जीभ मागं वळून टाळूला लागते आणि स म्हणताना ती पुढं दातांजवळ असते, एका झटक्यात पुढून मागं जायचं म्हणजे कसरत, म्हणून ट काय करतो तर शेजारच्या स ला आपल्याकडं ओढून घेतो आणि त्याचा ष होतो. स्वतः दोनदा मोठ्यानं म्हणून बघा, कळेल. कष्ट, गोष्ट, दुष्ट, स्पष्ट, आपले जुने शब्द सगळे ष्ट वालेच आहेत. दहावीला संस्कृत घेतलेल्यांना पाणिनीचं 'ष्टुना ष्टुः' आठवत असेल, ते हेच. म्हणजे ज्याला तुमची टीम गावंढळ म्हणते तो दोन हजार वर्षांहून जुना नियम आहे आणि तुमची जीभ तो बिनचूक पाळते.

दुसरी वाट पण आहे, स ला जागेवर ठेवायचं आणि ट लाच पुढं आणून त करायचा, तसा झाला मास्तर. मस्त, रस्ता, स्वस्त, ह्यात स आणि त गुण्यागोविंदानं राहतात. इंग्रजांचा टी खरं तर ना आपला ट ना आपला त, त्यांची जीभ वरच्या दातांच्या मागं हिरडीला लागते, म्हणून कुठला शब्द ट कडं गेला, कुठला त कडं. सुरुवातीचा स्ट, स्क आला की हिंदी पट्ट्यात आधी इ लावतात, इस्कूल, इस्टेशन, पंजाबात मध्ये अ घालून सकूल करतात, आणि आमच्याकडचे म्हातारे स च काढून टाकून 'टेसन' म्हणतात. अडचण एकच, प्रत्येकानं आपापल्या परीनं सोडवली.

मला सगळ्यात आवडतो तो तिकीट हा शब्द. इंग्लिशमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, शेवटचं अक्षर जेमतेम ऐकू येतं. आपल्याकडं आल्यावर शेवटचा कि लांब झाला. का, तर गरीब, वकील, जमीन असे शब्द मराठीत शेवटाला दीर्घच असतात, आणि विभक्ती लागली की तो ऱ्हस्व होतो. पॅकेटचं पाकीट झालं, जॅकेटचं जाकीट झालं, आणि मग तिकिटाला, पाकिटात, जाकिटाचा. कोल्हापूर, कोल्हापुरात, अगदी तसंच! शब्द परदेशातून आला पण चालायला लागला आपल्या गावच्या नावासारखा. ह्याला मी तरी बिघडणं म्हणणार नाही, तो शब्द इथला रहिवासी झाला.

आणि हे फक्त आपण करतो असं नाही. आपल्या गावच्या नावाचं इंग्रजांनी काय केलं बघा. ल्ह हे त्यांच्या तोंडात नाहीच, त्यामुळं जुन्या इंग्लिश लिखाणात 'कोलापोर' सापडतं, आणि इंग्लंडात बिस्लीला नेमबाजीची जी स्पर्धा आपल्या महाराजांनी दिलेल्या कपासाठी होते तिला आजही 'कोलापोर'च म्हणतात. आमचं एक यॉर्कशायरचं गिऱ्हाईक इथं आलं होतं, रंकाळ्यावर बसून मी त्याला शिकवत होतो की ल आणि ह वेगवेगळे नको म्हणू, ल म्हणतानाच हवा सोड, तर तीन दिवस त्याचं एकतर कोलापूर नाहीतर कोल-हापूर. बिचारा मनापासून प्रयत्न करत होता आणि आमच्यातलं कुणी हसलं नाही.

ह्याच माणसाबरोबर पहिल्या वर्षी फोनवर एक घोटाळा झाला होता. तो दरवेळी म्हणायचा 'मुंडे'. डिलिव्हरी मुंडे, कॉल मी मुंडे. मी डिस्पॅचला जाऊन विचारून आलो की आपल्याकडं मुंडे म्हणून कोण आहे का. नंतर कळलं की तो मंडे म्हणत होता! इंग्लंडच्या उत्तरेला बस, कप, मंडे ह्यातला अ हा उ च्या जवळ जातो, बुस, कुप असं ऐकू येतं. लंडनकडं बाथ लांब, उत्तरेकडं बॅथ आखूड. लंडनकडचे कारचा र गिळतात आणि नुसतं 'का' म्हणतात, स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिकेत र म्हणतात, म्हणजे आपण म्हणतो तो र काही चुकीचा नाही, उलट लंडनकडच्यांनीच तो अठराव्या शतकाच्या आसपास सोडायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियन माणसाचं टुडे आपल्या कानाला टुडाय वाटतं. मग नेमकं बरोबर इंग्लिश कुठलं? शाळेत आपल्याला ज्याला शुद्ध म्हणून सांगितलं तो इंग्लंडातल्याच एका उच्चभ्रू वर्गाचा उच्चार, डॅनियल जोन्स नावाच्या माणसानं १९१७ मध्ये त्याचा उच्चारकोश काढला आणि तोच जगभर प्रमाण म्हणून गेला. खुद्द इंग्लंडात बहुतेक लोक तसं बोलत नाहीत.

तुमच्या आज्जी कॉलेजला 'कालेज' आणि डॉक्टरला 'डाक्टर' म्हणत असतील. आमची पण म्हणायची, आम्ही तिला दुरुस्त करायचो. आपल्या जुन्या बोलीत ऑ नव्हताच, ॲ पण नव्हता, ही चिन्हं इंग्लिश शब्द लिहायला म्हणूनच आली, त्याआधी ब्यांक, ग्यास असंच लिहायचे. पुढं अमेरिकन लोकांशी बोलायला लागलो तेव्हा लक्षात आलं की ते हॉट, डॉक्टर, कॉलेज म्हणताना ओठ गोल करतच नाहीत, त्यांचा उच्चार हाट, डाक्टर, कालिज ह्याच्याच जवळ आहे. म्हणजे आज्जीचा डाक्टर शिकागोत लगेच कळला असता. तिला उगीच दुरुस्त केलं ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

कारखान्यात अजून एक गोष्ट बघितलीय. ज्यांनी शब्द कानानं घेतले त्यांचे उच्चार बऱ्याचदा स्पेलिंग वाचून शिकलेल्यांपेक्षा चांगले असतात. माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते, सातवी शिकलेले, ते मापायच्या गेजला कायम गेजच म्हणायचे, आणि डिप्लोमा करून नवीन आलेली पोरं स्पेलिंग बघून 'गॉज' म्हणतात. इंग्लिश स्पेलिंगवर विसंबायचं नाही, कारण कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना काढला १४७६ मध्ये, स्पेलिंग छापून छापून थिजत गेलं आणि बोलणं मात्र पुढं बदलत राहिलं. नाइफमधला के पूर्वी खरंच म्हणायचे, आता तो नुसता कागदावर राहिलाय.

आता बदलावं का. इथं मी एक खरी चूक सांगतो, कारण सगळंच चालतं असं म्हणणं पण खोटं होईल. आपल्या व मध्ये इंग्लिशचे दोन आवाज येऊन पडतात, एक ओठ गोल करून म्हणायचा आणि एक वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. मराठी लिहिताना आपण हा फरक छान पाळतो, वॉर्ड, वॉरंट एकीकडं आणि व्हॅन, व्होट, व्हिडिओ दुसरीकडं, हिंदीत तो पाळत नाहीत. पण बोलताना घाईत व्ह चा व होतो. त्यात शॉपवर सगळेजण व्हॉल्व्हला 'वॉल' म्हणतात, आणि कास्टिंगच्या, म्हणजे ओतून काढलेल्या भागाच्या, भिंतीची जाडी म्हणजे 'वॉल थिकनेस', ती पण वॉलच! एकदा प्रेशर टेस्टला ऑपरेटरनं सांगितलं वॉल लीक हाय, म्हणजे टेस्टिंग रिगचा, ज्या यंत्रावर आम्ही टेस्ट घेतो त्याचा, व्हॉल्व्ह गळत होता, मी तसंच फोनवर गिऱ्हाइकाला वॉल लीक म्हणून सांगितलं, त्यानं समजून घेतलं की कास्टिंगची भिंतच पाझरते, आणि अख्खा लॉट आठ दिवस थांबवला. माल चांगला असताना. फोटो, रिपोर्ट, पुन्हा टेस्ट, काय काय करावं लागलं. तेव्हापासून रिगवरच्या व्हॉल्व्हला आम्ही सगळे 'चावी' म्हणतो, नळाची चावी म्हणतो तसं, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना मी दात ओठावर टेकवून 'व्हॅल्व्ह' म्हणतो, कारण मूळ उच्चार ॲ चाच आहे.

तर तुम्ही 'पोष्ट' तसाच ठेवा, त्यानं कुणाचं काही अडत नाही, समोरच्याला कळलंय म्हणूनच तो हसला. वेळ घालवायचाच तर ह्या व-व्ह वर घाला, आणि त्याहून जास्त जोरावर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनानं म्हणतो, इंग्लिशमध्ये एका अक्षरावर भार देतात आणि बाकीची दाबतात, ऐकणारा तो भार धरूनच शब्द ओळखतो. डेव्हलप मध्ये भार 'व्हे' वर हवा, आपण 'डे' वर देतो, मग परदेशी माणूस क्षणभर अडखळतो. फिफ्टीन आणि फिफ्टीत तर पैशाचा फरक पडतो, फिफ्टीनचा 'टीन' ओढून म्हणा, आणि आकडा महत्त्वाचा असेल तर सरळ 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झीरो' असं सुटं सांगा, मी अजून तसंच सांगतो. बोलायचा वेग थोडा कमी करा, कोल्हापुरात आपण भरभर बोलतो. तुमच्या कामातले रोज लागणारे वीस-पंचवीस शब्द निवडा, डिक्शनरीच्या ॲपमध्ये त्यांचा आवाज ऐका, फोनवर स्वतःचा रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ लावून बघा, पंधरा दिवसांत कान तयार होतो. आणि पुढच्या मीटिंगमध्ये पहिला मुद्दा तुम्ही मांडा.