कण्याचा बाक: छेद छोटा की मोठा?

प्रश्न: आईचं वय ६४. कण्याला ३८ अंशांचा बाक आहे, चालताना पाय भरून येतात. छोट्या छेदाची शस्त्रक्रिया पुरेल का?

उत्तर: बाजूच्या बाकापेक्षा आई पुढे किती झुकते, हे महत्त्वाचं. गुडघे न वाकवता, उभ्याने पूर्ण कण्याचा एक्स-रे काढा. मानेच्या सातव्या मणक्यापासून सोडलेला ओळंबा त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाच्या हाडाच्या) मागच्या वरच्या कोपऱ्यापुढे ५ सेंटिमीटरहून बराच जात असेल आणि झोपल्यावरही कणा सैलावत नसेल, तर हाड कापावं लागतं. ते खुल्या, म्हणजे मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेतच नीट जमतं. तोल शाबूत असेल, तर छोट्या छेदांतून नस मोकळी करणं, फार तर एक-दोन मणके जोडणं बहुधा पुरतं. रक्तही कमी जातं. मात्र ताठर बाक अर्धवट सोडला, तर स्क्रू सैल होतात. आधी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करा: हाडं ठिसूळ असतील तर उपचार आधी. तंबाखू बंद, मिश्रीसुद्धा!